'औषध' या शब्दाची दोन घरे : यकृताविषयीच्या मराठी शास्त्रीय लेखनाची एक चिकित्सा

शेतीत वापरल्या जाणाऱ्या संश्लेषित रसायनांचा मनुष्याच्या प्रकृतीवर कोणता परिणाम होतो, या विषयावर मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. पाठ्यपुस्तके, कृषिविषयक मासिके, वृत्तपत्रांच्या पुरवण्या, शासकीय पत्रके असा या लेखनाचा विस्तार आहे. त्यातील माहितीचा खरेखोटेपणा पाहणे हे रसायनशास्त्रज्ञांचे व वैद्यांचे काम होय. परंतु ती माहिती ज्या शब्दांच्या वाहनातून वाचकापर्यंत जाते, ते वाहन धड आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार भाषाभ्यासकाला नाकारता येणार नाही. येथे त्या विस्तृत विषयाचा एक लहानसा भाग घेतला आहे. पोटात गेलेल्या औषधाचे रूप पालटून ते शरीराबाहेर जाण्याजोगे करणारी जी द्रव्ये यकृतात असतात, त्यांच्यावर शेतातील व कारखान्यातील रसायनांचा परिणाम होतो. या परिणामाविषयी मराठीत लिहिताना आपले लेखक जे शब्द योजतात, त्यांपैकी काही वाचकाची सरळसरळ दिशाभूल करतात असे माझे मत झाले आहे. उलट, जो शब्द अडाणी म्हणून शिक्षित माणूस हसण्यावारी नेतो, तो शास्त्राच्या अधिक जवळ आहे.

तो शब्द म्हणजे 'औषध'. माझे आजोळ जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात आहे. तेथे कपाशीवर फवारतात ते औषध, उंदरांसाठी ठेवतात ते औषध, आणि ताप आल्यावर घेतात तेही औषध. बोलण्यातला उच्चार 'औशीद' असा होतो, पण अर्थाची ही व्याप्ती तालुक्याच्या ठिकाणी शुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या तोंडीही तितकीच आढळते. 'कीटकनाशक' हा शब्द कृषी अधिकाऱ्याच्या भाषणात येतो, 'बुरशीनाशक' हा डब्यावर असतो. घरात मात्र 'औषध'. अर्थाचा भेद नामाने होत नाही, क्रियापदाने होतो. पिकावर औषध 'मारतात', आजारी माणसाला औषध 'देतात', आजारी माणूस ते 'घेतो'. आणि एखाद्या घरात रात्री कोणी औषध 'प्यायला' असे सांगत माणूस आला, तर कोणते औषध हे विचारण्याची गरज कोणालाही पडत नाही. या चार क्रियापदांवर एवढ्या मोठ्या भेदाचा सगळा भार आहे. भाषेने दुसरीकडूनही थोडी डागडुजी करून घेतली आहे. माणसाच्या औषधाच्या दुकानाला आता 'मेडिकल' म्हणतात, माणसाच्या औषधाला 'गोळ्या' म्हणतात. म्हणजे मूळ शब्द शेताकडे गेला आणि रोग्याला नवे शब्द शोधावे लागले.

असे मराठीत प्रथमच घडते आहे असे नाही. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीत हा शब्द आल्यावर तो तोफखान्यात गेला आणि 'दारूगोळा' झाला. गुत्त्यात गेला आणि मद्य झाला. औषधाचा मूळ अर्थ 'दवादारू' या जोडशब्दात तेवढा अंग चोरून राहिला. 'औषध' हाही मुळात 'ओषधी'पासून, म्हणजे वनस्पतीपासून निघालेला शब्द. आज तो ज्या द्रव्यांना लावला जातो त्यांपैकी बहुतेकांचा वनस्पतीशी संबंध त्यांच्यावर फवारले जाण्यापुरताच आहे.

या द्व्यर्थाची किंमत काय होऊ शकते ते मी एकदा जवळून पाहिले. माझे मामा कपाशीचे शेतकरी. बोंडे लागण्याच्या सुमारास त्यांच्या पोटात दुखू लागले आणि अपेंडिक्सची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली. रुग्णालयाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. भूल देण्यापूर्वी एका तरुण डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारले, "यांना काही औषध चालू आहे का?" मामी म्हणाल्या, "औषध कुठलं, डॉक्टर? संपलं ते. परवा शेवटले चार पंप मारले." डॉक्टर हसले आणि कागदावर 'नाही' असे लिहिले. शस्त्रक्रिया नीट झाली. परंतु नंतर मामांचा श्वास आपण होऊन सुरू होईना. काही मिनिटांत उतरावयाचा परिणाम तीन तासांहून अधिक टिकला आणि तेवढा वेळ यंत्राने श्वास द्यावा लागला. नळी घालण्यापूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी जे सक्सिनिलकोलीन देतात, त्याचे विघटन रक्तद्रवातील कोलिनएस्टरेज करते. हे द्रव्य यकृत तयार करून रक्तात सोडते, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके नेमके हेच द्रव्य निकामी करतात. यकृताने नवे तयार करीपर्यंत कित्येक आठवडे ही तूट राहू शकते. मामींचे उत्तर म्हणजे अजाण बाईचा गोंधळ असे त्या दिवशी सर्वांना वाटले. वस्तुतः विचारलेल्या प्रश्नाचे त्याहून नेमके उत्तर कोणी दिले नसते.

आता परिभाषेकडे वळू. 'एन्झाइम' याला शालेय पुस्तकांत 'विकर' हा प्रतिशब्द आहे. मराठी विश्वकोशाने 'एंझाइम' हाच शब्द ठेवून कंसात त्याचा अर्थ दिला. या दोहोंत विश्वकोशाची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते, आणि ती भाषाशुद्धीच्या तत्त्वाला विरोध म्हणून नव्हे. 'विकर' हा शब्द एकटा असताना निभावतो. पण यकृताच्या शेजारी आला की घोटाळा होतो. 'यकृतविकर' आणि 'यकृतविकार' यांत एका कान्याचे अंतर आहे. एक निरोगी यकृतात असावयाची वस्तू, दुसरा रोग. मुद्रितशोधकाच्या हाती 'यकृतातील विकर वाढले' असे वाक्य पडले, तर तो प्रामाणिकपणे तेथे काना देईल आणि आपण लेखकाची लाज राखली असे समजेल. ज्या शब्दाचा शेजारी त्याच्या अगदी उलट अर्थाचा आहे तो शब्द घडविणाऱ्याने व्युत्पत्ती पाहिली, वाक्य पाहिले नाही.

'चयापचय' या शब्दाविषयी माझी तक्रार वेगळी आहे. चय म्हणजे साठविणे, अपचय म्हणजे झिजविणे. अन्नाच्या बाबतीत शरीर ही दोन्ही कामे करते, म्हणून तेथे हा जोडशब्द सुरेख आहे. परंतु औषधाच्या बाबतीत चय कसला? शरीर त्यातून काही बांधीत नाही. ते एक परके द्रव्य आहे. बहुधा तेलात विरघळणारे, म्हणून मूत्रातून सहज न जाणारे. यकृत त्याला ऑक्सिजनचा अणू जोडून किंवा अन्य रीतीने हात घालावयास जागा करून देते, मग त्या जागी ग्लुकुरॉनिक आम्लासारखे पाण्यात विरघळणारे द्रव्य जोडते आणि त्याला वाटेला लावते. आर. टी. विल्यम्स यांनी या दोन पायऱ्यांची मांडणी केली. येथे 'रूपांतर' हा साधा शब्द पुरेसा आहे. 'औषधाचा चयापचय' असे लिहिणाऱ्याने परिभाषेचा मान राखला, अर्थाचा राखला नाही.

सर्वांत अधिक नुकसान 'निर्विषीकरण' या शब्दाने केले आहे. विल्यम्स यांच्या १९४७ मधील ग्रंथाच्या नावातही विष काढून टाकण्याचीच कल्पना होती, त्यामुळे दोष केवळ आपल्या भाषांतरकारांचा नाही. परंतु आज हा शब्द वापरताना क्लोरपायरिफॉसचे उदाहरण डोळ्यांसमोर असावयास हवे. हे कीटकनाशक डब्यात असते तेव्हा मज्जातंतूंना त्याची बाधा फारशी होत नाही. ते यकृतात जाते. तेथील एन्झाइमे त्याच्या रेणूतील गंधकाचा अणू काढून त्या जागी ऑक्सिजनचा बसवितात, आणि जे 'ऑक्सॉन' तयार होते तेच खरे विष. म्हणजे विष शेतात तयार होत नाही, कारखान्यातही पुरते होत नाही. ते काळजात होते. पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. सुटलेला गंधकाचा अणू ज्या एन्झाइमाने त्याला सोडविले त्यालाच चिकटतो आणि ते निकामी करतो. मानवी यकृताच्या सूक्ष्मकणांवर केलेल्या प्रयोगांत क्लोरपायरिफॉसमुळे टेस्टोस्टेरॉनसारख्या शरीरातल्या द्रव्याचे आणि इमिप्रामीनसारख्या औषधाचे रूपांतर मंदावल्याचे आढळले आहे. या साऱ्याला 'निर्विषीकरण' म्हणणे म्हणजे चोराला आत घेणाऱ्या दाराला कुलूप म्हणण्यासारखे आहे. यकृताला विष काय आणि औषध काय हे कळत नाही. त्याला परके काय एवढेच कळते.

वर मी 'काळजात' असा शब्द वापरला तो चुकून नव्हे. 'यकृत' हा आपल्या भाषाकुळातील फार जुना शब्द आहे. संस्कृतातच त्याची विभक्ती लावताना 'यकृत्' याचे 'यक्नः' होते. र आणि न यांची ही अदलाबदल अतिप्राचीन रूपांची खूण मानली जाते. लॅटिन 'येकुर', ग्रीक 'हेपार' हे त्याचेच भाऊ. फारसी 'जिगर' हाही त्याच मुळाचा. मराठीत तो धैर्य होऊन बसला. आणि 'काळीज' हा शब्द संस्कृत कोशांतील 'कालेय', म्हणजे यकृत, याच्याशी जोडला जातो. हिंदीत 'कलेजा' आणि खाटकाच्या दुकानात 'कलेजी' या शब्दांनी ती आठवण ठेवली आहे. आपण मात्र काळीज छातीत नेऊन बसविले, तेथे ते धडधडू लागले, आणि पोटातल्या मूळ अवयवाला संस्कृतातून पुन्हा शब्द उसना आणावा लागला. त्यामुळे खेड्यातल्या माणसाला यकृत हे आपलेच काळीज आहे असे कधी वाटत नाही. 'लिव्हर' असे म्हटले तर तो पोटाच्या उजव्या बाजूला हात लावतो; 'यकृत' म्हटले तर डॉक्टरकडे पाहतो. परिभाषा ठरविणाऱ्यांनी ही साधी कसोटी घेण्यास हरकत नव्हती.

संश्लेषित रसायनांचा यकृतावर होणारा परिणाम दोन दिशांचा असतो, आणि मराठी लेखन बहुधा एकच दिशा सांगते. लॅरी हार्ट, शुल्टिस व जेम्स फाउट्स यांचा १९६३ मधील अनुभव येथे उद्बोधक आहे. त्यांच्या प्रयोगातील उंदरांना झोपेचे औषध दिले असता ते अपेक्षेपेक्षा फार लवकर जागे होऊ लागले. शोध घेता कळले की, जनावरे ठेवण्याच्या खोलीत किडे मारण्यासाठी क्लोरडेन फवारले होते. कोणी त्यांना ते खाऊ घातले नव्हते. खोलीत असणे एवढेच पुरले. क्लोरडेनमुळे यकृतातील एन्झाइमांचे प्रमाण वाढले आणि झोपेचे औषध भराभर निकालात निघू लागले. पुढे १९६९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी लिंडेन व डीडीटी यांच्याशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या शरीरातून अँटिपायरीन हे औषध इतरांपेक्षा लवकर नाहीसे होते असे दाखविले. आपल्याकडे शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. पण कपाशीवर वर्षानुवर्षे मारलेले एंडोसल्फान, जे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये थांबले, तेही मानवी यकृतपेशींत याच जातीची वाढ घडविते.

या वाढीला परिभाषेत 'प्रवर्तन' म्हणतात. विद्युत्‌शास्त्रातही तोच शब्द आहे, तेथे तो रुळला आहे, येथे तो काहीच सांगत नाही. काही लेखक 'एन्झाइमे उत्तेजित होतात' असे लिहितात. तेही बरोबर नव्हे. असलेली एन्झाइमे जोराने कामाला लागत नाहीत; ती नव्याने अधिक घडविली जातात. 'वाढ' हा शब्द असताना उत्तेजनाची गरज काय, हे मला कळलेले नाही. त्यातून एक विपरीत समजूतही पसरते. यकृतातील एन्झाइमे वाढली म्हणजे यकृत बळकट झाले असे वाचक समजतो. क्षयावरील रिफाम्पिसिन हे अशी वाढ करणाऱ्या औषधांतील प्रबळ औषध. ते चालू असताना संततिप्रतिबंधक गोळ्या निकामी ठरतात. त्या स्त्रीला कोणी तुझे यकृत बळकट झाले आहे असे सांगणार आहे काय?

दुसरी दिशा निरोधनाची. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामामुळे आणि द्राक्षांमुळे सर्वश्रुत आहे. द्राक्षावर भुरी पडते. तिच्यासाठी गंधकाखेरीज ट्रायझोल वर्गातील बुरशीनाशके मारतात. ही द्रव्ये बुरशीला मारतात कशी? बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यासाठी जे एर्गोस्टेरॉल लागते ते घडविणारे एक एन्झाइम ती बंद पाडतात. हे एन्झाइम आणि आपल्या यकृतातील औषधांचे रूपांतर करणारी एन्झाइमे एकाच कुळातील आहेत. त्या कुळाचे नाव पी-४५०. जपानमधील ओमुरा व सातो यांनी १९६२ मध्ये त्याला नाव दिले ते केवळ ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषून घेणारे रंगद्रव्य एवढ्याच अर्थाचे. (नामकरण करणाराने वस्तूविषयी जितके माहीत आहे तितकेच बोलावे याचा हा नमुना आहे. त्या दोघांनी 'निर्विषक' असे काही नाव दिले असते तर आज पस्तावले असते.) आता नायट्यावर देतात ती फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधे पाहा. तीही त्याच अझोल घराण्यातील, आणि बुरशीला मारण्याची त्यांची रीत तीच. माणसाच्या यकृतातील एन्झाइमेही ती कमीअधिक प्रमाणात रोखतात. या घराण्यातील केटोकोनॅझोल आणि सर्दीवरील टर्फेनाडीन एकत्र घेतल्याने हृदयाची लय बिघडल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. रूपांतर न झालेले टर्फेनाडीन रक्तात साचले होते. पुढे ते बाजारातून गेले. तेव्हा द्राक्षबागेत मारतो तेही औषध आणि नायट्यावर घेतो तेही औषध असे कडवंचीचा शेतकरी म्हणतो, ते रसायनाच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे. 'बुरशीनाशक' आणि 'औषध' अशी दोन घरे करणारी आपली परिभाषा येथे वस्तुस्थितीच्या उलट बाजूला उभी आहे.

याचा अर्थ द्राक्ष खाणाऱ्याने घाबरावे असा नव्हे. गोळीत दोनशे मिलिग्रॅम असतात. घडावर उरणारा अंश त्याच्या मानाने नगण्य. प्रश्न खाणाऱ्याचा कमी आणि पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालणाऱ्याचा अधिक आहे, ज्याचा सदरा दुपारपर्यंत त्या द्रावणाने ओला होतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा त्याची चर्चा मृत्यूंच्या संख्येपुरती झाली. जे गेले नाहीत त्यांच्या यकृताविषयी आणि पुढे त्यांना दिल्या जाणाऱ्या औषधांविषयी मराठीत माझ्या वाचनात फारसे आले नाही.

डब्यावरील लेखनाचे परीक्षण येथेच केले पाहिजे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनी लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार त्रिकोण ठरविले. ही एक भाषाच आहे, आणि निरक्षरालाही कळावी अशी तिची योजना आहे. त्या हेतूला मी नमस्कार करतो. परंतु तिचे व्याकरण एकाच प्रश्नावर उभारलेले आहे: प्रयोगशाळेतील जनावर एका वेळच्या किती मात्रेने मरते? ज्या द्रव्याने कोणी एकदम मरत नाही, पण दुसऱ्या औषधाची वाट अडते, त्याच्यासाठी या भाषेत शब्द नाही. ट्रायझोल बुरशीनाशके बहुधा लाल त्रिकोणात बसत नाहीत. निळ्या त्रिकोणावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान' असे वाचून शेतकरी त्याचा अर्थ 'हे सौम्य आहे' असा करतो. त्याच्या दृष्टीने ते वाचन चूक नाही. त्या खुणेत दुसरे काही लिहिलेलेच नाही. सोबतच्या पत्रकात मराठी मजकूर असतो, पण तो इतक्या बारीक टायपात असतो की त्याच्या शैलीची चिकित्सा करण्यास प्रथम भिंग लागते.

लोकप्रिय लेखनात अलीकडे 'रासायनिक' विरुद्ध 'नैसर्गिक' असा एक सोपा विरोध मांडला जातो. यकृत तो विरोध मानीत नाही. भुईमुगाला धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते; ते पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि तेच पी-४५० कुळातील एन्झाइमे त्याचे रूप पालटून त्याला कर्ककारक करतात. 'दारू' तर धान्यापासून व मोहापासून होते. नित्य घेणाऱ्याच्या यकृतात तीही एक एन्झाइम वाढविते, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेली पॅरासिटामॉलची मात्रा त्याला घातक होऊ शकते. फारसीतले ते जुने औषध नव्या औषधाशी असे वागते.

मग शब्द कोणते योजावे? या बाबतीत बोलीकडे अगोदर विचारणा व्हावयास हवी होती. औषध शरीरातून लवकर निघून गेल्याने गुण आला नाही, तर मराठी माणूस 'औषध लागू पडले नाही' असे म्हणतो; ते साचून राहिल्याने त्रास झाला, तर 'औषध बाधले' म्हणतो. या दोन क्रियापदांत दोन्ही दिशांच्या परिणामांचे चांगले वर्णन होते आणि कोणत्याही पत्रकात ती चालतील. अर्थात तीही डोळे मिटून लावता येत नाहीत. कोडीनसारखे औषध यकृतात मॉर्फीन झाल्यावरच वेदना शमविते. तेथे एन्झाइम रोखले गेले तर औषध बाधत नाही, लागूच पडत नाही. परंतु हा अपवाद सांगण्यासही तेच दोन शब्द पुरतात, हे ध्यानात घ्यावे.

राहिला तो कागदावरचा प्रश्न. 'काही औषध चालू आहे का?' हे वाक्य शहरात निःसंदिग्ध आहे, भोकरदनला नाही. त्याच्या जोडीला 'मागच्या महिन्याभरात कोणत्या पिकावर काय मारले?' असे विचारले, तर क्रियापद बदलताच अर्थ बदलेल आणि उत्तरही मिळेल. मामा घरी परतल्यावर मी त्यांना तो प्रश्न त्याच शब्दांत विचारून पाहिला. त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या पोळ्यापासूनच्या चार फवारण्या वारासकट सांगितल्या. कोणत्या डब्याचे टोपण कोणत्या रंगाचे, पंपाला किती टोपणे, वारा कोणत्या दिशेचा होता, आणि तिसऱ्या फवारणीच्या दिवशी पंप गळत होता हेही.